कुरडईचा हिशेब

२०२५चा १ मे गुरुवारी आला. शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस सलग मोकळे. पुण्यातल्या आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांनी हेच गणित केलं आणि कोकण गाठलं. मी बुधवारी संध्याकाळी ट्रॅव्हल्समध्ये बसलो आणि पहाटे दारव्ह्याला उतरलो. बाबा मोटरसायकल घेऊन आले होते. गावात पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. घरात कुणीच नव्हतं. अंगणात पऱ्हाटीवर चूल पेटलेली होती आणि मोठ्या गंजात गव्हाचा चीक रटरटत होता. आई दोन्ही हातांनी तो ढवळत होती. काकू आणि शेजारच्या मामी वर स्लॅपवर होत्या. आमच्याकडे गच्चीला स्लॅपच म्हणतात. दोन बाजांवर जुनी लुगडी अंथरून त्या सोऱ्याने कुरडया घालत होत्या. ऊन तापायच्या आत शेवटची कुरडई पडली पाहिजे, म्हणून कुणी बोलतही नव्हतं.

मी चहा घेतला आणि वर गेलो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. पांढऱ्या कुरडया, आईचे हात, मागे उजाड शेतं आणि वर स्वच्छ निळं आभाळ. खाली लिहिलं: झिरो वेस्ट, झिरो वीज, शंभर टक्के ऊन. शाश्वत जगणं आमच्या यवतमाळला कुणी शिकवायची गरज नाही.

संध्याकाळपर्यंत तो रील माझ्या आजवरच्या सगळ्या रील्सपेक्षा जास्त लोकांनी पाहिला. मी खूश होऊन आईला दाखवला. तिने दोनदा पाहिला, चष्मा पुसून.

"बरं काढलं रे," ती म्हणाली. "पण तू कुठी हाय याच्यात?"

"मी काढत होतो ना."

"हं. सावलीत बसून."

ती हसली आणि पोळ्या लाटायला गेली. त्या दिवशी महाराष्ट्र दिन होता आणि कामगार दिनही. सुट्टी दोन कारणांनी होती. आईला एकाही कारणाने नव्हती.

कौतुक कुणाचं चाललंय?

साध्या, काटकसरी, पर्यावरणपूरक संसाराचं सध्या फार कौतुक आहे. तुमच्या फोनवरही ते रोज येत असणार. काचेच्या बरण्यांत भरलेल्या डाळी, पितळेचा तांब्या, सुती पडदे, खिडकीतून येणारं कोवळं ऊन आणि मागे संथ बासरी. 'आपल्या आज्या झिरो वेस्टच जगायच्या' हे वाक्य तर मी स्वतः चार वेळा लिहिलं आहे. वाक्य खोटं नाही. अर्धवट आहे.

आमच्या घरात काचेच्या बरण्या नाहीत. तेलाचे रिकामे डबे आहेत आणि त्यांत ज्वारी, तूरडाळ, मुंगवड्या भरलेल्या आहेत. दुधाच्या पिशव्या धुऊन, उलट्या करून दोरीवर वाळतात आणि मग भंगारवाल्याकडे जातात. बाबांचं फाटलेलं बनियन आधी फडकं होतं, मग पोतेरं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जातं. पाणी रोज येत नाही, त्यामुळे एकच पाणी किमान दोनदा कामाला आलं पाहिजे हा घरातला अलिखित कायदा आहे. यातलं काहीही आईने पृथ्वी वाचवण्यासाठी सुरू केलेलं नाही. महिना पुरवण्यासाठी सुरू केलं आणि पृथ्वीचंही थोडं भलं झालं.

त्यात वाईट काही नाही. माझा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. या यादीतल्या प्रत्येक ओळीत एक क्रियापद दडलेलं आहे: धुणं, उलटं करणं, वाळवणं, फाडणं, भरणं, उचलून नेणं. रील्समध्ये वस्तू दिसतात, क्रियापदं गाळली जातात. आणि क्रियापद गाळलं की ते कुणी केलं हे सांगावं लागत नाही.

माझ्या त्या चाळीस सेकंदांत काय काय नव्हतं ते सांगतो. गहू सोमवारी भिजत घातला होता आणि रोज त्याचं आंबूस पाणी बदललं होतं. मग तो वाटून, हातांनी पिळून, चोथा वेगळा करून चीक काढला होता. वाटण मिक्सरवर झालं होतं, म्हणजे 'झिरो वीज' हेही खोटंच होतं. रात्रभर चीक खाली बसू दिला, पहाटे वरचं पाणी ओतलं, चीक भांड्याने मोजला, मापाने पाणी उकळलं आणि मग पाऊण तास तो एकसारखा ढवळला. थांबलं की गुठळ्या. गुठळी झाली की सोऱ्याचं भोक बुजतं आणि वरची बाई खाली ओरडते. हे सगळं झाल्यावर मी उगवलो होतो.

वहीचं पान

आईचा प्रश्न डोक्यातून जाईना. शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी बहिणीच्या जुन्या वहीचं एक पान घेतलं आणि आईला म्हटलं, हिशेब करू.

"कायचा?"

"कुरड्यांचा."

"कुरड्यांचा काय हिशेब अस्ते बाप्पा," ती म्हणाली, पण बसली. काकूही बसल्या.

यंदा आठ किलो गहू होता. अर्धा गुरुवारी झाला होता, उरलेला शनिवारी व्हायचा होता, कारण सगळा एकदम घातला तर बाजा पुरत नाहीत. बत्तीस रुपयांनी गहू धरला, वर मीठ आणि हिंग, असे २७५ रुपये. पऱ्हाटी घरच्या शेतातली, तिचा भाव कुणी लावत नाही. आठ किलोच्या साधारण चार किलो कुरडया होतात. तशीच कुरडई शहरात साडेतीनशे रुपये किलोने मिळते. म्हणजे १४०० रुपयांचा माल. वाचले ११२५.

मग तास मोजले. आई आणि काकूंना हे सगळ्यात विचित्र वाटलं. निवडणं, धुणं, रोजचं पाणी बदलणं: तीन तास. वाटणं आणि चीक पिळणं, दोघींचे मिळून सहा. शिजवणं आणि घालणं, तिघी मिळून दोन सकाळचे बारा. उलटणं, उचलणं, डब्यात भरणं: एक. बेरीज बावीस. शेळ्या आणि चिमण्यांपासून राखण करायचा वेळ धरला नाही, कारण ते काम आहे हे दोघींनाही मान्य नव्हतं.

११२५ भागिले २२. तासाला एक्कावन्न रुपये. आठ तासांचा दिवस धरला तर चारशेच्या वर.

मी खरं सांगतो, मला वाटलं होतं आकडा लाजिरवाणा निघेल. बघा, एवढ्या कष्टाचे एवढेसेच पैसे, असा लेख मी मनात लिहूनही टाकला होता. आकड्याने मला तोंडावर पाडलं. आमच्या गावात निंदणाला बाईची मजुरी दिवसाला तीनशे आहे. घरच्या स्लॅपवर कुरडया घालणाऱ्या बाईची कमाई निंदणाच्या मजुरीपेक्षा जास्त निघाली.

काकूंनी पान हातात घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. "म्हंजे आमी घरी बसून चारशे कमावून राह्यलो?" त्यांनी विचारलं. मग आईकडे बघून म्हणाल्या, "अन् भाऊजी म्हन्तात, घरी काय काम अस्ते."

बाबा ओसरीवर होते. त्यांना ऐकू गेलं असावं. ते काही बोलले नाहीत.

आपण ज्याला काटकसर म्हणतो ती कमाई आहे. बाहेरून आणावी लागली असती ती गोष्ट घरात तयार झाली, बाहेर जाणारे पैसे घरात राहिले. दुकानदाराने हेच केलं तर त्याला आपण नफा म्हणतो. बाईने केलं की स्वभाव म्हणतो. 'वहिनी फार काटकसरी आहेत.' जसं काही ती उंची आहे किंवा गोरेपणा आहे, जन्मतः मिळालेला. तीच कुरडई बचतगटाच्या प्रदर्शनात पिशवीत भरून, वर भावाचा कागद चिकटवून ठेवली की उद्योग होते आणि तिथली ताई उद्योजिका. माझ्या आईची कुरडई पिशवीत जात नाही, ताटात येते. म्हणून तिचं नाव साधेपणा.

देशभराचा आकडाही ठेवतो. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातलं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं दिसलं. पुरुष ९७ मिनिटं. त्यातही हे ९७ हे काहीतरी काम करणाऱ्या पुरुषांचे आहेत, आणि असे पुरुष शंभरात सव्वीसच निघाले. बायका शंभरात एक्क्याऐंशी. गुरुवारी सकाळी मी उरलेल्या चौऱ्याहत्तरांपैकी होतो. फोन धरून होतो एवढंच.

एका बाजूने भरायचं, दुसऱ्या बाजूने गळायचं

आता त्याच पानाची दुसरी बाजू. तीही त्याच दुपारी भरली, कारण एकदा हिशेबाला बसलं की थांबता येत नाही.

त्या हंगामात, २०२४-२५मध्ये, लांब धाग्याच्या कापसाचा सरकारी हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. बाबांनी वीस क्विंटल कापूस गावात आलेल्या व्यापाऱ्याला सात हजारांनी दिला. पैशाची घाई होती. बहिणीची फी होती, सोसायटीचा हप्ता होता आणि घरात साठवलेला कापूस रोज वजन गमावतो. क्विंटलमागे ५२१ रुपये, वीस क्विंटलचे १०,४२०. एका दुपारी, एका काट्यावर, हे पैसे गेले.

१०,४२० भागिले ११२५. सव्वानऊ. आईच्या नऊ वर्षांच्या कुरडया.

हे मी बाबांना दोष द्यायला लिहीत नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. लिहितो ते यासाठी, की यवतमाळला काटकसरीचा उपदेश नवा नाही. १९ मार्च १९८६ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपवलं. महाराष्ट्रातली ती पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते. तेव्हापासून या जिल्ह्याचं नाव बातमीत आलं की त्यामागोमाग सल्ला येतो: लग्नात खर्च कमी करा, मोबाइल कमी वापरा, अंथरूण पाहून पाय पसरा. सल्ला देणाऱ्यांनी आमचं अंथरूण कधी पाहिलेलं नसतं. आमच्या घरात दुधाची पिशवी धुऊन विकली जाते. याहून खाली पाय कुठे घेणार?

म्हणूनच मला त्या गोड रील्सचा राग येतो, माझ्या स्वतःच्या रीलसकट. 'बघा, इतक्या कमीत किती सुंदर जगता येतं' असं आपण यवतमाळच्या घराकडे बोट दाखवून म्हणतो, तेव्हा 'यांना कमीच पुरतं' हेही न बोलता म्हणून जातो. कमी भाव देणाऱ्याला याहून सोयीचं वाक्य कुठलं? ज्याला शहरात साधेपणाची निवड म्हणतात, ती इथे बहुतेक वेळा निवड नसते. निवड तेव्हा होते जेव्हा दुसरा पर्याय परवडत असतो आणि तरी माणूस तो घेत नाही.

जुनं ते सगळं सोनं नाही

या कौतुकाचा आणखी एक तोटा. ते निवडक नसतं. जुनं, हाताचं, मातीचं दिसलं की सरसकट हार घालतं.

चूल घ्या. हायवेवर 'चुलीवरचं' असा फलक लागला की गाड्या थांबतात. पण धुराला चव नसते, खोकला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे स्वयंपाकाच्या अशा घरगुती धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख माणसं गेली. आमच्या घरात गॅस आहे. तरी कुरड्यांना, लग्नकार्याला आणि हिवाळ्यात आंघोळीच्या पाण्याला चूल पेटते, कारण सिलिंडर जपून वापरायचा असतो. माझ्या रीलमध्ये तो धूर सकाळच्या उन्हात सोनेरी दिसत होता. आई डोळे पुसत होती ते मी कापून टाकलं होतं.

किंवा पुनर्वापर घ्या, सगळ्यांचा लाडका शब्द. कपाशीच्या गावात रिकामा डबा फेकत नाहीत, आणि त्यात फवारणीच्या औषधाचे डबेही आले. चांगले जाड, झाकणाचे. काही घरांत ते धुऊन पाण्याला वापरतात. २०१७च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. असा डबा तीनदा खंगाळून, भोक पाडून निकामी करायचा असतो. तो वाया घालवणं हीच तिथे अक्कल आहे. काटकसर म्हणजे काहीही न टाकणं, असं शिकवणारा माणूस या गावात धोकादायक आहे.

आणि काही काटकसर तर आपल्या हातात राहिलेलीच नाही. माझ्या लहानपणी आजी जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायची. वऱ्हाडीत वाकय. सुती लुगडं धुऊन धुऊन इतकं मऊ व्हायचं की वाकय अंगाला लागली की झोप यायची. आता आईकडे शिवायला लुगडीच नाहीत. साड्या पॉलिस्टरच्या आहेत, स्वस्त आणि टिकाऊ, पण घाम शोषत नाहीत आणि वाकळीत सुरकुततात. आजोबांच्या वेळेस यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ही छोटी गाडी होती, मुळात इथला कापूस बाहेर न्यायला टाकलेली. कापूस गेला, पॉलिस्टर आलं. कापूस पिकवणाऱ्या घरात कापसाची साडी महाग पडते. अशा घराला 'जुन्या कपड्यांचं काहीतरी करा' म्हणून सांगणं सोपं आहे. कपडाच बदलला त्याचं काय करायचं?

शेजारच्या जिल्ह्यातली अर्धीच गोष्ट

मग साधेपणा सोडून द्यायचा का? नाही. उलट त्याची पूर्ण गोष्ट सांगायला हवी, आणि ती गोष्ट आमच्या शेजारीच घडली.

वर्धा आमच्या यवतमाळला लागून. तिथे १९३४मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचं काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी १९४०च्या दशकात टिकाऊ अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, 'शाश्वत विकास' हा शब्द कुणाच्या तोंडी यायच्या कितीतरी आधी. १९३६पासून गांधीजी सेवाग्रामला राहिले. बापूकुटी तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिली असेल. माती, बांबू, एक चटई, एक ठेंगणं मेज. तिचे फोटो आजच्या कुठल्याही 'मिनिमलिस्ट' घराला लाजवतील.

पण आश्रमाची अकरा व्रतं आठवा. त्यात असंग्रह आहे, म्हणजे गरजेपुरतंच ठेवणं. आणि त्याच यादीत, असंग्रहाच्या लगोलग, शरीरश्रम आहे. आश्रमात राहणाऱ्याने आपल्या वाट्याचं अंगमेहनतीचं काम करायचं, अगदी संडास साफ करण्यापर्यंत. दोन व्रतं शेजारी ठेवण्यामागे साधं शहाणपण होतं. वस्तू कमी केल्या की काम वाढतं. यंत्र नको म्हटलं की हात लागतात. ते हात कुणाचे, हे आधी ठरवलं नाही तर एकाचं असंग्रहाचं व्रत दुसऱ्याच्या पाठीवर चालतं.

आजच्या साधेपणाने असंग्रह उचललं आणि शरीरश्रम तिथेच ठेवून दिलं. वॉशिंग मशीन नको, उन्हात कपडे वाळवू: छान. पिळणार कोण? पॅकेटचं नको, घरचंच करू: उत्तम. पहाटे चारला उठणार कोण? ज्या घरात या प्रश्नाचं उत्तर न विचारताच ठरलेलं असतं, तिथलं शाश्वत जगणं फक्त एका बाईची कंबर टिकेल तेवढंच शाश्वत आहे. माझ्या आईची यंदा दुखायला लागली आहे.

"पण तिला आवडतं"

हे माझं आवडतं उत्तर होतं. तुमचंही असेल. आई हौसेनं करते. नको म्हटलं तरी ऐकत नाही.

मी शनिवारी सकाळी तिला सरळ विचारलं. "कुरड्या आवडतात का तुला करायला?"

"आवडते न," ती म्हणाली. "मामी येतात, काकू अस्ते, चार गोष्टी होतात. कुरडई पांढरीफटक निंघाली का बरं वाटते." मग थोडं थांबून, "पापड नाई आवडत. पापडाचा मले लय कटाळा हाय. तुह्या बाबाले घरचेच लागते म्हून करतो."

तीस वर्षं आमच्या घरात उडदाचे पापड होतात. तिला त्याचा कंटाळा आहे हे मला त्या दिवशी कळलं. कुणी विचारलंच नव्हतं. 'तिला आवडतं' या वाक्यात आपण कुरडया, पापड, धुणी, भांडी, पाहुणे सगळं एकाच पोत्यात भरतो आणि वरून प्रेमाची गाठ मारतो. पोतं सोडून एकेक वस्तू बाहेर काढली की कळतं, यातलं काही तिचं आहे आणि काही तिच्यावर टाकलेलं.

दुसऱ्या टोकाचं उत्तरही मला पटत नाही. 'कशाला एवढं करता, दहा मिनिटांत घरपोच येतं.' आमच्या गावात ते येत नाही हा भाग सोडा. पण आईला येणारी गोष्ट, गावातल्या बायकांना एकत्र आणणारी सकाळ, निंदणापेक्षा जास्त कमावून देणारं काम, हे सगळं मोडीत काढून त्या जागी डिलिव्हरीवाल्या पोराचे श्रम बसवणं ही मुक्ती नाही. हात बदलले, सावलीत बसणारा मात्र तोच राहिला.

तेव्हा मागणी साधी आहे. साधेपणाचं कौतुक करायचा हक्क काम करून मिळवा. वर्षातला सुट्टीचा एखादा कडक उन्हाचा दिवस फोटो काढायला येतो, तसा तो चीक ढवळायलाही येतो. घरातल्या बाईला विचारा, यातलं काय ठेवायचं आणि काय बंद करायचं. जे बंद करायचं म्हणेल ते कुरकुर न करता बंद करा. जे ठेवायचं म्हणेल त्यात आपला वाटा उचला, नुसती 'मदत' नको. मदत करणारा कधीही उठून जाऊ शकतो. आणि एकदा तरी वहीचं पान घेऊन बसा. प्रत्येक घराचा आकडा वेगळा येईल. पण तो कागदावर आला की 'घरी काय काम असतं' हे वाक्य त्या घरात पुन्हा म्हणणं अवघड होतं. आमच्याकडे तरी शुक्रवारपासून ते कुणी म्हटलेलं नाही.

शनिवार

शनिवारी मी चारला उठलो. म्हणजे आईने उठवलं. चूल पेटवायला मला वीस मिनिटं लागली आणि त्यात अर्धी काडेपेटी गेली, काटकसरीच्या नावाने. बाबा काहीही न बोलता पऱ्हाटीचा भारा आणून टाकून गेले. चीक गंजात पडला तेव्हा तो पातळ दुधासारखा होता. दहा मिनिटांत जड झाला, पंधरा मिनिटांत माझे खांदे भरून आले. धूर डोळ्यांत जात होता आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. मी क्षणभर थांबलो.

"थांबू नोको!" वरून आवाज आला. "गुठया होतीन!"

झाल्याच. काकूंच्या सोऱ्याचं भोक दोनदा बुजलं. माझ्या घाण्याच्या कुरडया जराशा जाड, पिवळसर आणि वेड्यावाकड्या आल्या. आईने त्या वेगळ्या बाजेवर घालायला लावल्या, म्हणजे पाहुण्यांच्या ताटात जाणार नाहीत.

दुपारी ऊन चाळिशीच्या पलीकडे गेलं. स्लॅपवर पाय ठेववत नव्हता. मी डोक्याला उपरणं बांधून जिन्याच्या तोंडाशी बसलो, हातात काठी, समोर दोन बाजा आणि कठड्यापर्यंत चढून आलेली शेजारची एक चिवट शेळी. फोन खाली चार्जिंगला होता. खालच्या खोलीत कूलर चालू होता आणि आई भरदुपारी झोपली होती. तिला असं झोपलेलं मी आधी कधी पाहिलं होतं, ते मला आठवेना.

चार वाजता ती उठून वर आली. कुरडया उलटून पाहिल्या, माझ्या बाजेवरची एक मोडून पाहिली.

"वाळली," ती म्हणाली. "दिवाळीत येशीन तवा मुंगवड्या घालू. डाळ तू वाटजो."